गप्प सेकंद

६ ऑक्टोबर, सोमवार

प्रिय ताई,

नमस्कार. मी ठीक आहे, तू कशी आहेस ते तुझ्या पत्रात कुठेच सापडलं नाही. दीड पान मजकूर, आणि उरलेल्या अर्ध्या पानावर माझ्या मागच्या पत्रातल्या शुद्धलेखनाच्या अकरा चुका, ओळींच्या नंबरासकट. शाळेतली नोकरी सोडून तीन वर्षं झाली तरी तुझी लाल पेनाची खोड काही जात नाही. 'परीक्षा'तली 'री' दीर्घ असते हे मी आता जन्मात विसरणार नाही. अक्षर बघून मात्र मनात पाल चुकचुकली. ओळी उजवीकडे उतरत गेल्या आहेत. पडून लिहिलंस का?

तू विचारलंयस की आम्ही प्रयोगशाळेत नेमकं करतो तरी काय. भावोजींच्या चष्म्याच्या दुकानात लोक विचारतात आणि त्यांना सांगता येत नाही, असं म्हणतेस. तर सांगतो. आम्ही उंदरांना आधी आजारी पाडतो आणि मग बरं करायला बघतो. जीवाणूच्या कवचाचा अंश टोचला की उंदराच्या अंगात दाह सुरू होतो. दिवसाभरात अंगातली कणकण जाते, पण उंदीर काही पहिल्यासारखा होत नाही. अंग चोरून कोपऱ्यात बसतो. साखरेचं पाणी आणि साधं पाणी शेजारीशेजारी ठेवलं तरी त्याला दोन्ही सारखंच. बाईंचं (म्हणजे आमच्या विभागप्रमुखांचं) म्हणणं असं, की उंदराला उदास म्हणायचं नाही, त्याने काय केलं तेवढंच लिहायचं. मी वहीत तेवढंच लिहितो आणि मनात उदास म्हणतो.

मग त्याला पाण्याने भरलेल्या उभ्या काचेच्या भांड्यात सोडायचं, सहा मिनिटं. धडधाकट उंदीर हातपाय मारत राहतो. आजारी उंदीर थोडा वेळ मारतो आणि मग नाक तेवढं वर ठेवून नुसता तरंगतो. शेवटच्या चार मिनिटांत तो असा किती सेकंद तरंगला ते मोजायचं. त्या रकान्याचं वहीतलं नाव लांबलचक आहे, आम्ही त्याला 'गप्प सेकंद' म्हणतो. ज्या अर्काने गप्प सेकंद कमी होतील तो कामाचा. एकतीस झाडाझुडपांचे अर्क पाजून झाले आणि फुकट गेले. बत्तीस नंबरचा एका रानवेलीच्या मुळाचा. त्याने ऑगस्टमध्ये गप्प सेकंद निम्म्यावर आणले. त्या दिवशी मी तुला फोन केला होता, ते तुला आठवत असेलच.

त्या मुळाची पूड चालू आहे आणि बरं वाटतंय असं लिहिलंयस, वाचून बरं वाटलं. मात्र पुढचं पाकीट इतक्यात पाठवता येणार नाही, मुळं वाळवायची आहेत.

एक गंमत सांगतो. पिंजऱ्यांची देखभाल करणारे आमचे काका आहेत, तीस वर्षं उंदरांत काढलेला माणूस. परवा चहा पिताना मला म्हणाले, "ऑगस्टमधले तुमचे उंदीर फार लाडावले होते हो. मी पिंजरा उघडला की हातावर येऊन बसायचे. माझे मला बघितलं की कोपरा धरायचे." मी म्हटलं, माझा हातगुणच तसा आहे. काका हसले. मीही हसलो, पण चहा निवला तरी पेला तसाच हातात होता.

भावोजींना नमस्कार. थंडी सुरू झाली की तुझी बोटं आखडतात, तेव्हा भांडी घासायला त्यांना लाव. आणि डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या चालू आहेत ना? सहज विचारतो.

तुझं
शेंडेफळ


२९ ऑक्टोबर, बुधवार

प्रिय ताई,

काल भावोजींचा फोन आला. तू फोनवर येत नाहीस म्हणून हे लिहितोय. ते वाचून दाखवतील तर त्यांनाही सांग, की मी कुठलीच गोष्ट चोरून केलेली नाही.

त्यांनी जे सांगितलं ते मला तुझ्या तोंडून कळायला हवं होतं. दोन्ही गोळ्या दोन महिन्यांपासून बंद आहेत, सांध्यांचीही आणि मनासाठीची रोजचीही. तुला ब्लाउजची बटणं लावता येत नाहीत. कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. सकाळी उठवलं तर उठतेस, नाही उठवलं तर भिंतीकडे तोंड करून पडून राहतेस, आणि काय हवं विचारलं तर म्हणतेस, काहीही चालेल. भावोजी म्हणाले, "भांडली असती तरी चाललं असतं रे. ही भांडतच नाही." त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता.

मला त्यांनी तसा दोष दिला नाही. पण "तुझ्या पुडीवर तिचा फार भरवसा होता," एवढंच म्हणाले. म्हणून स्पष्टच लिहितो. गोळ्या थांबव असं मी म्हटलं नव्हतं. मी म्हणालो होतो, "ताई, तुझ्या गोळ्यांचे दिवस भरले." ती थट्टा होती. सव्वीस वर्षं मुलांना भाषा शिकवलेल्या बाईला एवढी थट्टा कळू नये? वाक्प्रचारांचे अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा, असे किती पेपर तपासलेस? आणि मी काही डॉक्टर नाही. मी उंदरांना नळीने औषध पाजणारा माणूस आहे.

हे लिहून पेन खाली ठेवलं होतं. रागावू नकोस. मी चिडलो की वाकडं लिहितो, हे तुला माहीत आहे.

इकडेही काही धड नाही. काकांचं ते बोलणं डोक्यातून जाईना. आमच्यात नियम असा आहे, की अर्क मिळणारे आणि नुसतं पाणी मिळणारे, अशा दोन्ही गटांना एकाच माणसाने हाताळायचं, आणि कुठल्या बाटलीत काय आहे हे त्याला माहीत नसलं पाहिजे. बाटल्यांवर नुसतं 'अ' आणि 'ब' असतं. कशात काय, त्याची चिठ्ठी बाईंच्या खणात. पावसाळ्यात कामाची गर्दी होती, म्हणून मी आणि काकांनी वाटून घेतलं होतं. 'अ' त्यांच्याकडे, 'ब' माझ्याकडे. काका उंदीर शेपटीला धरून उचलतात, सगळे तसेच उचलतात, मीही एकतीस नंबरपर्यंत तसाच उचलत होतो. 'ब'चे मात्र मी दोन्ही तळहातांच्या ओंजळीत घ्यायचो. जरा वेळ तसाच धरायचो, त्याचा श्वास खाली येऊ द्यायचो आणि मग पाजायचो. एकेका उंदराला पाच मिनिटं. काका म्हणायचे, तुम्ही औषध पाजता की अंगाई म्हणता?

शेवटी हे बाईंना जाऊन सांगितलं. अर्क 'ब'मध्ये होता, तर 'ब'च का घेतला, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सहज, हाताशी होता. त्यांनी मान हलवली आणि सगळा प्रयोग पहिल्यापासून करायला सांगितला. या वेळी दोन्ही गट काका हाताळणार आणि दोन्ही ओंजळीत. पुढल्या महिन्यात निकाल येईल. तोवर बत्तीस नंबरबद्दल कोणाला काही सांगायचं नाही.

तेव्हा पूड थांबव आणि डॉक्टरीणबाईंकडे जा. अर्क चांगला नाही असं मी म्हणत नाही, नक्की ठरेपर्यंत थांब एवढंच. गोळ्या पुन्हा आपल्या मनाने सुरू करू नकोस, इतक्या दिवसांनी एकदम सुरू करायच्या की बेताने, हे त्याच सांगतील. भावोजींना दुकान एक दिवस बंद ठेवायला सांग.

तू मागे विचारलं होतंस, सहा मिनिटं पोहून झाल्यावर उंदरांचं पुढे काय होतं. मी सांगितलं होतं, पुसून परत पिंजऱ्यात ठेवतो. तसंच आहे. काळजी करू नकोस.

तुझं
शेंडेफळ


२१ नोव्हेंबर, शुक्रवार

ताई,

हे पत्र तू स्वतः वाच. बोटांना कागद धरवत नसेल तर उशीला टेकवून ठेव. मोठ्या अक्षरात लिहितोय.

निकाल आला. दोन्ही गटांचे गप्प सेकंद जवळजवळ सारखेच, आणि दोन्ही गटांचे कमी. ज्यांना नुसतं पाणी पाजलं तेही पोहले. बत्तीस नंबर प्यायलेले त्यांच्यापेक्षा एक सेकंदही जास्त पोहले नाहीत. बाईंनी आकडे दोनदा तपासले, मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "मुळाचा काही संबंध नाही. हाताचा होता." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. दहा वर्षांत त्या मला कधी अशा थकलेल्या दिसल्या नव्हत्या.

आता मागच्या पत्रात जे लिहिलं नाही ते लिहितो. 'ब' हाताशी होता म्हणून घेतला नव्हता. बत्तीस नंबरला वास येतो, गंजलेल्या लोखंडासारखा. दोन्ही बाटल्या सारख्या दिसाव्यात म्हणून साध्या पाण्यात कितीही रंग कालवला तरी तो वास लपत नाही. बूच उघडताक्षणी मला कळायचं की अर्क यात आहे. मागून घेतला तो गट. काकांना म्हटलं, हा माझ्याकडे राहू द्या. कारण तुझी बोटं तोवर वाकडी व्हायला लागली होती. रोजच्या गोळीने तुला झोप यायची, पण तू पूर्वीसारखी खोचक बोलत नव्हतीस. मला वाटलं, आतला दाह विझवणारं काही सापडलं तर बोटंही सरळ होतील आणि तूही जागेवर येशील. बत्तीस नंबरने बरं करायलाच हवं होतं. मी ते उंदीर हातात घेऊन मनातल्या मनात म्हणायचो, पोह बाबा. एकाच गटाला म्हणायचो. ताई, मी मुद्दाम फसवलं नाही कोणाला. पण मला काय हवं होतं ते माझ्या हातांना माहीत होतं, आणि हातांनी ते करून दाखवलं.

पोहून झाल्यावर त्यांना परत पिंजऱ्यात ठेवत नाहीत. मेंदूत दाह किती उरला ते बघायचं असतं, त्यासाठी मारावं लागतं. अठ्ठेचाळीस उंदीर ऑगस्टमध्ये आणि अठ्ठेचाळीस परवा. ऑगस्टचे 'ब'चे चोवीस माझ्या हातून गेले. काकांच्या उंदरांनी धडपड केली, चावले, ओरडले. माझे ओंजळीत निवांत बसून राहिले. त्यांना वाटलं असेल, आता पाजतील. तुला खोटं सांगितलं, कारण तू हे विचारल्यावर मला प्रथमच त्याची लाज वाटली.

आणि आता गोळ्यांचं. तुझ्या गोळ्यांचे दिवस भरले, असं मी म्हणालो, इतकंच तुला लिहिलं होतं. पण फोन तिथे संपला नव्हता. तू शिक्षिका आहेस, तुला वाक्प्रचार कळतो, म्हणून तर तू लगेच विचारलंस, "थट्टा करतोस की खरंच थांबवू?" मला तुझा तो आवाज अजून ऐकू येतो. कितीतरी महिन्यांनी तू काही मनापासून विचारत होतीस. आणि मी म्हणालो, "थांबव की. विष खातेस उगाच." वर असंही म्हणालो, की डॉक्टरीणबाईंना आत्ताच काही बोलू नकोस, त्यांना यातलं कळत नाही. हे मी बोललो. शब्द न शब्द आठवतो मला. गेल्या पत्रात मी तुझ्यावरच उलटलो आणि तुला वाक्प्रचार शिकवायला निघालो. ते लिहितानाही मला आठवत होतं.

भावोजींनी आठ दिवसांपूर्वी सांगितलं, की तू त्यांना म्हणालीस, "मीच विसरले, शेंडेफळाला बोल लावू नका." आणि दवाखान्यात यायला तयार नाहीस. ते म्हणाले, कंटाळा करते. तो कंटाळा नाही, ताई. मी तुला ओळखतो. डॉक्टरीणबाई विचारणार, गोळ्या कोणी थांबवल्या, पूड कुठून आली. बाहेर न्यायची नसलेली वस्तू मी प्रयोगशाळेतून काढून तुला पाठवली, हे तू एकदा बोललीस की माझी नोकरी जाईल, याची तुला भीती आहे. मी पाचवीत नापास झालो तेव्हाही तू घरी सांगितलं होतंस, की माझा पेपर तूच हरवलास. तेव्हा मार तू खाल्लास. आता बोटं वाकडी करून घेते आहेस. रोज सकाळी तू भिंतीकडे तोंड करतेस ते आजारामुळेच, हे मला कळतं. पण तुला उठवून कोणी दवाखान्यात नेऊ शकत नाही, ते माझ्यामुळे.

म्हणून काल मी बाईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. पूड किती काढली, कधी, कोणाला पाठवली, तुला काय सांगितलं. त्यांनी समोरची वही मिटली. मग विचारलं, "बहीण कशी आहे?" मी म्हणालो, वाईट आहे. त्यांनी एक कोरा कागद पुढे केला आणि म्हणाल्या, "हेच लिहून द्या." लिहून दिलं. आजपासून मला आत यायला मनाई आहे. अठ्ठावीस तारखेला चौकशी बसणार, तोवर गाव सोडायचं नाही. निकाल काय लागणार ते सांगायला ज्योतिषी नको. निघताना काकांना भेटलो. त्यांनी पाठीवर थाप मारली, जरा जोरात.

तेव्हा आता लपवायला काही उरलं नाही. तू कोणालाही काहीही सांगितलंस तरी माझं यापेक्षा वाईट व्हायचं नाही. डॉक्टरीणबाईंना माझं नाव सांग, हवं तर हे पत्रच दाखव. उरलेली पूड त्यांच्यापुढे ठेव. माणसाच्या पोटात ती काय करते हे आम्ही कधी तपासलेलंच नव्हतं, हेही त्यांना सांग. हे माहीत असूनही मी ती तुला दिली.

भावोजींना मी फोनवर हे सगळं सांगितलं आहे. त्यांनी ऐकलं आणि फोन ठेवला. अर्ध्या तासाने परत केला. म्हणाले, "तूच लिही तिला. माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकते." मला शिवी दिली असती तर इतकं लागलं नसतं. खरंच आहे ते. मी सांगितलं म्हणून तू औषध सोडलंस, मी नको म्हटलं म्हणून डॉक्टरला बोलली नाहीस. एवढा विश्वास माझ्यावर कोणी ठेवावा असं मी काय केलं होतं, कोण जाणे. लहान होतो आणि तुझा होतो, एवढंच.

पत्र मिळेल त्याच दिवशी जा. दुसऱ्या दिवसावर टाकू नकोस. रिक्षातून पाय खाली ठेववला नाही तर भावोजी उचलून नेतील, लाजू नकोस.

जाऊन आलीस की कळव. पेन धरवत नसेल तर पाकिटात नुसता कोरा कागद घालून पाठव, मी समजेन, असं मी आधी लिहिलं होतं. ते पान फाडून टाकलं. कोरा कागद आला तर मी त्याचा अर्थ 'हो' असाच लावीन, कारण मला तेच हवंय. तेव्हा कोरा कागद नको. 'गेले' नाहीतर 'गेले नाही', यातलं जे खरं असेल ते भावोजींकडून लिहून घे, आणि खाली तुझी सही कर. कशीही येऊ दे, पण तुझ्या हातची.

यापुढे ज्याचं काही ऐकायचं नाहीस, तो
तुझा भाऊ